शैलाकाकूंचा लेफ्ट बॅक

फुटबॉलच्या मॅचला तिकीट काढून जायचं आणि पूर्ण वेळ बॉलकडे बघायचंच नाही, असं करणारी एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे. आमच्या शैलाकाकू. गोल होतो, सगळं स्टेडियम उठून उभं राहतं, माझ्या शेजारचा धिप्पाड गृहस्थ आनंदाच्या भरात हातातला ग्लास माझ्या शर्टावर रिकामा करतो, आणि काकू मात्र आपल्या खुर्चीत बसून मैदानाच्या भलत्याच कोपऱ्यात बघत असतात. तिथे एक खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा असतो. त्याच्या आसपास काहीही घडत नसतं. मी सांगतो, "काकू, गोल झाला." त्या विचारतात, कुणी केला. आपल्यांनी, म्हटलं की "बरं झालं" म्हणतात, आणि नजर पुन्हा तिथेच.

आधी मला वाटायचं की त्यांना खेळ कळत नाही. मग एकदा धीर करून विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न माझाच चुकला असावा.

"बॉलकडे काय बघायचं? बॉलला काही होत नाही. जे व्हायचं ते माणसाला होतं."

हे समजायला काकूंचा पेशा माहीत हवा. शैलाकाकू ह्यूस्टनमधल्या निवृत्त भूलतज्ज्ञ. मिरजेत डॉक्टर झाल्या, नवऱ्यामागून अमेरिकेत आल्या आणि नवऱ्याच्या आधी नोकरीला लागल्या, हे त्या आवर्जून सांगतात. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. काकूंचं सगळं आयुष्य ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला गेलं. त्यांचं म्हणणं असं की जिथे कापाकापी चालते तिकडे बघणारे खोलीत पुष्कळ असतात. ज्याची कापाकापी चालली आहे त्याच्याकडे बघायला एकच जण असतो, आणि त्याला बसायला स्टूल देतात.

या पेशाने त्यांना आणखी एक खोड लावली आहे. माणसाकडे बघून त्या वजन सांगतात. आम्ही ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी मी ट्रकमधून सोफा उतरवत होतो. काकू त्यांच्या लॉनवर पाणी मारत होत्या. त्यांनी नळ बंद केला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ब्याऐंशी." मी म्हटलं, "निखिल." तर म्हणाल्या, "ते झालं नाव." त्या मेघनाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे वळल्या, पण तेवढ्यात तिला घरात काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकू आल्या की अर्ध्या बायका हातातली प्लेट खाली ठेवतात. काकूंचा यात काही वाईट हेतू नसतो. माणूस दिसला की किती डोस लागेल याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू होतो.

आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. कसलीही अडचण सांगा, त्या आधी विचारणार, "श्वास चालू आहे ना? मग बघू." ऐन ऑगस्टमध्ये आमचा एसी बंद पडला तेव्हा हेच. माझं प्रोजेक्ट कॅन्सल झालं तेव्हाही हेच. मेघनाची आई नागपूरहून फोनवर जावयाच्या ग्रीन कार्डाबद्दल रडगाणं गात होती, तेव्हा काकूंनी मेघनाच्या हातातून फोन घेतला आणि त्यांनाही हेच विचारलं. त्या बिचाऱ्या इतक्या गांगरल्या की "हो, चालू आहे" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

आता अशा बाईंच्या घरात ब्राझीलचा फुटबॉलपटू कसा आला, ते सांगतो. त्याला कारण मराठी नाटक.

आमच्याकडे भारतातून नाटकाचा दौरा आला की मंडळ कलाकारांना हॉटेलात ठेवत नाही. सभासदांच्या घरी वाटून देतं. कुणाकडे नायिका, कुणाकडे तबलजी. काकूंचं घर मोठं, वरच्या तीन खोल्या रिकाम्या, त्यामुळे दर दौऱ्याला एखादा कलाकार त्यांच्या वाट्याला यायचाच. त्यांचा सगळा कार्यक्रम ठरलेला. दोन रात्री मुक्काम, सकाळी हळद-मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पोहे, दुपारी सक्तीची झोप, तिसऱ्या दिवशी विमानतळ. मोठमोठे नट काकूंसमोर निमूटपणे गुळण्या करताना मी पाहिले आहेत.

तर एके दिवशी काकूंच्या जुन्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सने विचारलं की अमुक क्लबाचा पाहुणा घरी ठेवणार का. क्लब आमच्याच भागातला, दुसऱ्या फळीत खेळणारा. असे क्लब थोड्या काळासाठी आलेल्या खेळाडूंना एखाद्या कुटुंबात ठेवतात. काकूंनी 'क्लब' ऐकलं, 'पाहुणा' ऐकलं आणि दोन रात्रींचा प्रश्न आहे असं धरून हो म्हणून टाकलं. फेब्रुवारीत एक काळासावळा, काटक, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस दारात उभा राहिला. काकू म्हणाल्या, "अडुसष्ट. ये." तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीची किल्ली घेऊन तयार. त्याला विमानतळावर सोडायचं होतं ना. तो नोव्हेंबरपर्यंत आहे हे मी त्यांना त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये समजावून सांगितलं. काकूंनी किल्ली पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "एवढे पोहे घरात नाहीत."

त्याचं नाव एरिवान. ब्राझीलच्या ईशान्येकडल्या कुठल्याशा कोरड्या गावचा. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेने बचाव करणारा. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. काकू त्याच्याशी सरळ मराठीत बोलू लागल्या. त्यांचा युक्तिवाद असा, की दोन्ही भाषा त्याला सारख्याच परक्या आहेत, मग मी माझ्या सोयीची का वापरू नये. गंमत म्हणजे हे चाललं. महिन्याभरात त्याला 'बस', 'अजून थोडं', 'चप्पल बाहेर' आणि 'झोप आता' एवढं मराठी येऊ लागलं. एवढ्यावर काकूंच्या घरात कुणाचंही आयुष्य निघू शकतं. अगदीच अडलं तर तो फोनमध्ये पोर्तुगीज बोलायचा आणि फोन त्याचं इंग्रजी करून सांगायचा.

पहिल्या सकाळी त्यालाही गुळण्या कराव्या लागल्या. मी म्हटलं, काकू, त्याला गाणी म्हणायची नाहीत, पळायचं आहे. तर म्हणाल्या, "पळताना काय कानाने श्वास घेणार आहे?"

पण त्यांची खरी गट्टी जमली ती एकादशीला. काकू उपास करतात. देवासाठी नाही, शिस्तीसाठी, असं त्या म्हणतात. त्यांनी स्वतःपुरती साबुदाण्याची खिचडी केली होती आणि एरिवानसाठी कोंबडी. एरिवानने खिचडीकडे पाहिलं, एक दाणा उचलून जिभेवर ठेवला, आणि कोंबडीचं ताट बाजूला सारून तो कढईच रिकामी करायला लागला. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि तो कंद म्हणजे त्याच्या गावचं रोजचं जेवण. त्याची आई त्याच्याच भाकऱ्या करते. जगाच्या त्या टोकाचा माणूस आपल्या उपासाच्या पदार्थाला बघून डोळे पुसतो आहे, हे बघून काकूंनी स्वतःचं ताटही त्याच्यापुढे सरकवलं. त्यानंतर एकादशी महिन्यातून किती वेळा येते याचा त्या घरात काही नियम राहिला नाही.

एरिवान इथे 'लोन'वर आला होता, आणि 'लोन' म्हणजे काय हे काकूंना मी समजावलं. म्हणजे मीच समजावू शकत होतो. एरिवान हा मुळात ब्राझीलमधल्या एका क्लबाचा. कागदोपत्री मालक ते. पण ते त्याला खेळवत नाहीत. एका हंगामापुरता याला दे, पुढच्या हंगामात त्याला दे, असं चाललेलं. पोर्तुगाल झालं, जपान झालं, मग ब्राझीलमध्येच दोन-तीन गावं, मग मेक्सिको, आणि आता टेक्सास. काकूंनी विचारलं की असा कसा माणूस उसना देतात. मी म्हटलं, काकू, माझ्याकडे बघा. माझी कंपनी न्यू जर्सीत. तिथे मी एकदा गेलो आहे, तेही बॅजसाठी फोटो काढायला. तिने मला आधी बेलव्ह्यूच्या क्लायंटला दिलं, मग सनीव्हेलच्या, आता इथल्या तेलवाल्यांना. प्रत्येक ठिकाणी वर्षभर लोकांच्या वाढदिवसाच्या केकच्या मीटिंगा अटेंड करायच्या आणि नावं पाठ होत आली की बॅज परत करायचा. फरक एवढाच, की माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

काकू म्हणाल्या, "त्याच्यासाठीही कुणी वाजवत नाही. मी बघते ना."

आणि ते खरं होतं. लेफ्ट बॅकचं काम चोख झालं तर दिसतच नाही. स्टेडियमबाहेर शर्ट विकायला असत, त्यात त्याच्या नावाचा नव्हता. आठ-नऊ महिन्यांसाठी आलेल्या माणसाचं नाव कोण छापतं? काकूंचं त्या दुकानातल्या पोरीशी यावरून चांगलंच वाजलं. शेवटी तिने एक कोरा शर्ट आणि अक्षरं वेगळी आणून दिली. काकूंनी ती घरी इस्त्रीने चिकटवली. पाठीवर एरिवान, तेही देवनागरीत, कारण इंग्रजी अक्षरांमधलं 'व्ही' पोळलं. मराठी अक्षरं मेघनाने कापून दिली. तो शर्ट घालून काकू प्रत्येक मॅचला जात. टीव्हीच्या कॅमेऱ्याने त्यांना दोनदा दाखवलं. समालोचकाला वाटलं की हा आशीर्वादाचा मंत्र आहे.

एक गोष्ट मात्र काकूंनी कुणाला सांगितली नव्हती. मला ती कळली योगायोगाने. मंगळवारी सकाळी त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला गेलो होतो. काकू जिन्यावर उभ्या राहून वरच्या बंद दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या, "एरिवान. शुगर लँड. मंगळवार. पोहे." मग दार उघडलं आणि एरिवान हसत खाली आला.

मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, की हा रोज सकाळी जागा होतो आणि नुसता पडून राहतो. पलंग करकरतो, मग काहीच आवाज येत नाही. त्यांनी त्याला विचारलं. तर फोनच्या मदतीने तो म्हणाला, की इतकी गावं झाली, इतक्या खोल्या झाल्या, की डोळे उघडल्यावर आपण कुठे आहोत हेच लवकर आठवत नाही. आठवेपर्यंत भीती वाटते. काकूंना हा प्रकार नवा नव्हता. ऑपरेशननंतर जाग आलेल्या माणसाला आधी काय सांगायचं असतं? तुम्ही कुठे आहात, आज वार कोणता. त्यांनी तेच सुरू केलं. पोहे तेवढे पदरचे घातले.

ऑक्टोबर उजाडला आणि एक आनंदाची बातमी आली. इथल्या क्लबाला एरिवान कायमचा हवा होता. म्हणजे उसना नाही, विकत. तीन वर्षांचा करार. स्वतःचं अपार्टमेंट घेता येईल, बायकोला आणि लहान मुलीला आणता येईल. मुलगी चालायला शिकली ती त्याने फोनवर पाहिली होती. अट एकच, हंगाम संपला की डॉक्टरी तपासणी नीट व्हायला हवी. त्या संध्याकाळी काकूंनी शिरा केला. मी म्हटलं, चला, याचं ग्रीन कार्ड माझ्याआधी होणार. एरिवानला विनोद कळला नाही, पण तो आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला.

त्यानंतरच्या मॅचमध्ये आमच्या क्लबाने शेवटच्या क्षणी गोल केला. सगळे नाचत होते, मीही नाचत होतो. काकूंनी माझी बाही ओढली. "डावा पाय टेकत नाहीये तो." मी पाहिलं तर एरिवान सगळ्यांसारखाच धावत सुटला होता. मला काही दिसलं नाही. त्याच्या कोचला दिसलं नाही. पण काकूंनी घरी येताच त्याला खुर्चीत बसवलं, गुडघा दाबला, आणि तो ओरडला.

पुढचं सगळं बोलणं भाषांतर करणाऱ्या त्याच्या फोनमधून झालं. त्याने काकूंना विनवलं की सांगू नका. करार होऊ दे, सही होऊ दे, मग बघू. इंजेक्शन घेऊन तो हंगाम संपेपर्यंत खेळू शकतो, आधीही खेळला आहे. काकूंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी क्लबाच्या डॉक्टरला स्वतः जाऊन सांगितलं. एरिवान दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. खिचडी केली ती तशीच राहिली. काकू आमच्याकडे येऊन बसल्या आणि मेघनाच्या वजनाबद्दलसुद्धा काही बोलल्या नाहीत, तेव्हा आम्हाला काळजी वाटायला लागली.

स्कॅनमध्ये निघालं की गुडघ्यातली गादी फाटली आहे. शिवावी लागेल. इथल्या क्लबाने सांगितलं, ऑपरेशन आम्ही करतो. वसंतात गुडघा पळण्यालायक होईल असं सर्जन म्हणाला तर करार पक्का. नाही म्हणाला तर मात्र आम्ही मोकळे. ब्राझीलच्या क्लबाने सांगितलं, आहे तसा परत पाठवा, आमचं आम्ही बघू. आणि त्यांचं बघणं म्हणजे काय हे एरिवानला चांगलं ठाऊक होतं. एक इंजेक्शन आणि पुढचं गाव. एजंटचा सल्ला परत जाण्याचा होता, कारण तिथे निदान पगार चालू राहील.

आणि एरिवान परत जायला निघाला. आम्हाला काही कळेना. तीन वर्षं, घर, बायको, मुलगी हे सगळं एका ऑपरेशनच्या पलीकडे उभं होतं आणि हा बॅग भरत होता. मी त्याला माझ्या परीने समजावलं. म्हटलं, यार, एवढा चान्स मला कुणी दिला तर मी दोन्ही गुडघे देईन. तो मान हलवत राहिला.

काकूंनी समजावलं नाही. त्या जेवणाच्या टेबलाशी त्याच्यासमोर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. शेवटी तो बोलला. फोन घेतला नाही. मोडक्या इंग्रजीत, मध्ये एखादा मराठी शब्द घालत बोलला. त्याला सुरीची भीती नव्हती. भुलीची होती. रोज आपल्या झोपेतून उठल्यावर त्याला कुठे आहोत ते कळत नाही. ही तर दुसऱ्याने दिलेली झोप. त्यातून उठू तेव्हा आजूबाजूला सगळे अनोळखी, तोंडं बांधलेले. आपण कोण हेच आठवलं नाही तर कुणाला विचारायचं?

मी हसू दाबलं, कारण मला ते लहान मुलाचं बोलणं वाटलं. काकू अजिबात हसल्या नाहीत. त्या त्याच्याशी पहिल्यांदा इंग्रजीत बोलल्या, एकेक शब्द सुटा करून. मराठीत सांगायचं तर एवढंच होतं.

"काही होणार नाही असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही. मी पेशंटला फक्त सांगायची की मी इथे आहे. पण आता मी रिटायर झाले. आत मला सोडणार नाहीत. मी दाराबाहेर बसेन. बाहेर बसायचं काम मी कधी केलेलं नाही, मला जमेल की नाही माहीत नाही. पण तू उठेपर्यंत मी तिथून हलणार नाही."

एरिवानने विचारलं, "प्रॉमिस?"

"बस," काकू मराठीत म्हणाल्या. "जेव आता."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी दोघांना घेऊन गेलो. भूल देणारा डॉक्टर तरुण होता. तो एरिवानशी बोलायला आला आणि काकूंच्या तावडीत सापडला. किती अनुभव, कुठलं औषध, किती द्यायचं, मळमळीचं काय, सगळं त्यांनी विचारून घेतलं. बिचारा उभ्या उभ्या तोंडी परीक्षा देत होता. त्याने वजन बघायला कॉम्प्युटरकडे मान वळवली, तर काकू म्हणाल्या, "आता सत्तर आहे. साबुदाण्याने वाढलं." कॉम्प्युटरवरही सत्तरच होतं. त्यानंतर तो त्यांना मॅम म्हणायला लागला. पण दारापर्यंत गेल्यावर त्याने अदबीने हात आडवा धरला, आणि काकू थांबल्या.

एरिवानचं स्ट्रेचर आत गेलं. दार बंद झालं.

मग काकूंना बसता येईना. शैलाकाकू म्हणजे कुठल्याही प्रसंगात स्टूल शोधून बसणारी बाई, आणि आता त्या वेटिंग रूममध्ये मत्स्यालयापासून कॉफीच्या मशीनपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. सुरुवातीला मला आतली बातमी देत होत्या. आता झोपला असेल. आता नळी घातली असेल. आता पाय धुऊन घेत असतील. हळूहळू बातम्या थांबल्या. समोर एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसले होते. एक बाई विणत होती आणि तेच टाके पुन्हा उसवत होती. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"इथे काहीच कळत नाही का रे?"

"नाही काकू."

"एवढा वेळ माणसं अशीच बसायची?"

"अशीच बसतात."

"मला खरंच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी कधी बाहेर आलेच नाही. सांगायला सर्जन यायचे. मी पेशंटला उठवून पुढच्या खोलीत द्यायची, की दुसरा टेबलावर तयार."

मी त्यांचा हात हातात घेतला. एरवी माझी हिंमत झाली नसती. हात गार होता. मलाही तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की या बाई रोज सकाळी उठून कुणाला तरी वार सांगत होत्या, आणि हा मुलगा परत गेला तर त्या घरात सकाळी आवाज काढायला कारणच उरणार नव्हतं. आणि तो राहिला तरी काय, बायको-मुलगी आली की त्याचं घर वेगळं होणारच. काकूंनी हे दोन्ही हिशेब केव्हाच केले असणार. तरी त्यांनीच त्याला इथपर्यंत आणलं होतं.

शेवटी सर्जन बाहेर आला. उंच, आनंदी माणूस. गादी छान शिवली गेली म्हणाला. मार्चपर्यंत पळेल, त्यापुढे खेळेल, आणि क्लबाला मी आजच तसं कळवतो. मला उडी मारावीशी वाटली. मेघनाला मेसेज करायला मी फोन काढला. काकूंनी सर्जनला एकच प्रश्न विचारला, तो उठला का. सर्जन हसून म्हणाला, ते माझं खातं नाही.

थोड्या वेळाने एक नर्स आली. खोलीत इकडेतिकडे बघून तिने विचारलं, इथे काकू कोण आहे. आत तो मुलगा डोळे उघडल्यापासून सारखा तेच नाव घेतो आहे, दुसरं काही बोलतच नाही.

मी काकूंकडे पाहिलं. त्या उठल्या नाहीत. मी म्हटलं, चला, तुम्हाला बोलावलंय. तरी उठल्या नाहीत. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसल्या होत्या.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "अरे, इतकी माणसं उठवली मी. उठताना कुणी आईला हाक मारायचं, कुणी बायकोला, कुणी देवाला. एकाने तर कुत्र्याला हाक मारली. मी उशाशीच असायची." त्यांचा आवाज बारीक झाला. "मला कुणी कधी हाक मारली नव्हती रे."

नर्स दार धरून उभी होती. आतून एरिवानचा जड, अर्धवट झोपेतला आवाज पुन्हा आला. काकू उठल्या, आणि खोलीतली सगळी माणसं बघायला लागतील इतक्या मोठ्याने त्यांनी बाहेरूनच "ओ" दिली आणि आत गेल्या.